औषधाचा खर्च उघड करा: जगभरच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
जागतिक आरोग्य सभेत आपापल्या देशाच्या वतीने बसणारे सर्व आरोग्यमंत्री

महोदय, महोदया,

२८ मे २०१९ रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या आपल्या सभेने एक ठराव संमत केला. औषधे, लसी आणि आरोग्याच्या इतर उत्पादनांच्या बाजारात पारदर्शकता आणायची, सरकारे प्रत्यक्षात काय किंमत मोजतात ते जाहीर करायचे, असा त्याचा आशय होता. इटलीने मांडलेला मूळ मसुदा याहून बराच धीट होता. औषध विकसित करायला नेमका किती खर्च आला, तेही कंपन्यांनी सांगावे असे त्यात म्हटले होते. वाटाघाटींत ती मागणी झिजत गेली. शेवटी उरले ते एवढेच, की चाचण्यांच्या खर्चाची माहिती आधीच सार्वजनिक असेल किंवा कोणी स्वखुशीने दिली असेल, तर ती लोकांपर्यंत पोहोचवायला मदत करावी. म्हणजे जे उघडच आहे ते उघड करा! एवढ्यापासूनही जर्मनी, ब्रिटन आणि हंगेरी यांनी अंग काढून घेतले.

त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात आपली सभा भरत आली आहे. इटली आणि फ्रान्सने संशोधनाला मिळालेल्या सरकारी पैशाची माहिती मागणारे नियम केले, त्याबद्दल त्यांचे आभार. बाकी बहुतेकांच्या लेखी तो ठराव कागदावरच राहिला. त्याचे पुढे काय झाले, हे विचारायला हे पत्र लिहिते आहे, आणि आपल्यासोबत ते सर्वांनी वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगते. माझ्या धाकट्या बहिणीला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे. इमॅटिनिब या गोळीने तिला बरीच वर्षे दिली. मग त्या गोळीचा परिणाम ओसरू लागला, आणि डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेण्याबद्दल विचारले. संमतीपत्र जाडजूड होते. तिला थकवा असायचा, म्हणून पानामागून पान मीच वाचून दाखवले. संभाव्य दुष्परिणामांची यादी संपल्यावर एक कलम आले: या संशोधनातून व्यावसायिक फायदा झाला, तर सहभागी व्यक्तीला त्यात वाटा मिळणार नाही. तिने मान डोलावली आणि सही केली. त्या वेळी मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. तिला वाटा नको होता, औषध हवे होते.

पुढे दर भेटीला रक्ताच्या नळ्या भरल्या गेल्या, पुन्हा पुन्हा ईसीजी निघाले, कमरेच्या हाडात सुई घालून अस्थिमज्जा काढली गेली. मळमळ कधी सुरू झाली, किती वेळ टिकली, हे ती रोज वहीत लिहायची. त्या नोंदी कंपनीकडे गेल्या, कंपनीकडून नियामकाकडे गेल्या, आणि औषधाला मान्यता मिळाली. चाचणी संपली तशी फुकट मिळणारी गोळीही संपली. बाजारात आलेल्या गोळीची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती. घरात साठवलेल्या गोळ्या जास्त दिवस पुराव्यात, म्हणून ती कोणाला न सांगता एक दिवसाआड गोळी घेऊ लागली. ते आम्हाला कळले तपासणीच्या अहवालातून. रक्तात आजार किती आहे ते सांगणारा बीसीआर-एबीएलचा आकडा वर सरकला होता, आणि त्या आकड्याचा अर्थ आमच्या घरात आता प्रत्येकाला कळतो.

सध्या तिला ते औषध कंपनीच्या मदत योजनेतून मिळते. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. मंजूर होईपर्यंत आम्ही श्वास रोखून असतो. ज्या औषधाच्या पुराव्यात तिच्या स्वतःच्या रक्ताच्या नोंदी आहेत, ते तिला हक्काने मिळत नाही. दरवर्षी कोणाच्या तरी मर्जीने मिळते.

एक गोष्ट स्पष्ट करते. औषध शोधणे स्वस्त आहे, असे माझे म्हणणे नाही. चाचणीतली शिस्त मी जवळून पाहिली आहे. नोंदीतली एक तारीख चुकली तरी परिचारिकेला खुलासा लिहावा लागे. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या औषधांपैकी सुमारे दहात एकच मान्यतेपर्यंत जाते. उरलेल्या नऊंचा खर्च कोणीतरी सोसावाच लागतो. रसायनशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, रुग्णांशेजारी बसणारे समन्वयक, या सगळ्यांना चांगले वेतन मिळालेच पाहिजे. ज्या औषधामुळे माझी बहीण आज चालती-फिरती आहे, ते कोणीतरी वर्षानुवर्षे खपून शोधले आहे. म्हणूनच त्या मेहनतीच्या नावाने जी किंमत लावली जाते, तिचा हिशेब मला हवा आहे.

माझी पहिली तक्रार त्या हिशेबाचीच आहे.

एका नव्या औषधामागे २६० कोटी डॉलर खर्च येतो, हा आकडा आपण सर्वांनी ऐकला असेल. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या केंद्राने तो २०१४ मध्ये जाहीर केला आणि २०१६ मध्ये शोधनिबंधातून सविस्तर मांडला. १० कंपन्यांनी १०६ औषधांची माहिती दिली, त्यावरून तो काढला होता. ती मूळ माहिती गोपनीय आहे, त्यामुळे बाहेरच्या कोणालाही ती तपासता येत नाही. शिवाय प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम, फसलेल्या औषधांसकट, सुमारे १४० कोटी आहे. उरलेले जवळजवळ १२० कोटी म्हणजे तोच पैसा इतरत्र गुंतवला असता तर जे उत्पन्न मिळाले असते, त्याचा अंदाज. अर्थशास्त्रात असा हिशेब करतात, हे मला मान्य आहे. पण हा आकडा खिशातून गेलेल्या पैशासारखा सांगितला जातो, आणि आपण तो तसाच ऐकून घेता.

२०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी फक्त जाहीर कागदपत्रांच्या आधारे हाच हिशेब केला. त्यांनीही फसलेली औषधे आणि भांडवलाची किंमत धरली होती. त्यांचा मध्यक आला ९८.५ कोटी डॉलर, सरासरी सुमारे १३० कोटी. २००९ ते २०१८ या काळात अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ३५५ औषधांपैकी जेमतेम ६३ औषधांची खर्चाची माहिती त्यांना मिळू शकली. उरलेल्यांच्या बाबतीत कंपन्या ताकास तूर लागू देत नाहीत. खर्च २६० कोटी की त्याच्या अर्ध्याहून कमी, एवढ्या मूलभूत प्रश्नाचे उत्तर नसताना आपली सरकारे किमतीच्या वाटाघाटींना बसतात. समोरच्याकडे खातेवही असते, आपल्याकडे नसते. याला वाटाघाट कसे म्हणायचे?

हिशेब ठेवलेला नसतो किंवा ठेवता येत नाही, असे म्हणायला जागा नाही. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने दुर्मीळ आजारांच्या औषधांसाठी चाचण्यांच्या खर्चावर करसवलत दिली. आधी ती ५० टक्के होती, २०१८ पासून २५ टक्के आहे. ती घेताना कंपन्यांना कर खात्यासमोर चाचणीचा खर्च डॉलरमध्ये मांडावाच लागतो. कर वाचवताना जो आकडा सापडतो, तो किंमत ठरवताना का सापडू नये?

दुसरी तक्रार. पैसा बऱ्याचदा आमचाच असतो, आणि तो आमच्याकडून दोनदा घेतला जातो. २०१० ते २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या २१० नव्या औषधांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्रत्येक औषधाच्या मुळाशी अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीतून झालेले संशोधन सापडले. बेडाक्विलिन हे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचे औषध. त्याच्या विकासात सार्वजनिक पैसा मूळ कंपनीच्या खर्चापेक्षा जास्त होता, असा अंदाज २०२० च्या एका अभ्यासात निघाला. तरी त्याचे पेटंट कंपनीचे, आणि किंमत कमी व्हावी म्हणून झगडावे लागले ते क्षयातून उठलेल्या माणसांना. पेटंटची मुदत वाढवून घेण्याचा कंपनीचा अर्ज भारताच्या पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला, तो नंदिता वेंकटेसन आणि फुमेझा टिसिले या दोघींच्या हरकतीवर. एक भारतातली, एक दक्षिण आफ्रिकेतली. दोघीही क्षयातून वाचल्या, पण जुन्या विषारी औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावून घेतली होती. हे काम कोणाचे होते, मंत्रिमहोदय?

सिस्टिक फायब्रोसिसचे उदाहरण तर मला रात्री झोपू देत नाही. या आजाराच्या मुलांच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे देणग्या गोळा केल्या. त्यांच्या संस्थेने सुमारे १५ कोटी डॉलर औषधाच्या शोधात घातले. २०१२ मध्ये पहिले औषध बाजारात आले तेव्हा वर्षाची किंमत होती २,९४,००० डॉलर. २०१४ मध्ये संस्थेने औषधाच्या विक्रीवरचे आपले स्वामित्वधनाचे (रॉयल्टीचे) हक्क ३३० कोटी डॉलरला विकले, आणि तो पैसा पुढच्या संशोधनाला लावला. संस्थेला मी नावे ठेवत नाही. तिने पैसे घातले नसते तर कदाचित औषधच आले नसते. पण पैसे उभारणाऱ्या त्या पालकांना औषध परवडेल अशी अट करारात घालून देणारा सरकारी नियम कुठेच नव्हता. आजही बहुतेक देशांत नाही.

तिसरी तक्रार अशी, की किंमत खर्चावर ठरतच नाही. हेपॅटायटिस-सी बरा करणारे सोफोसबुविर डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा १२ आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर होती, म्हणजे गोळीला हजार डॉलर. ते विकणाऱ्या गिलियड कंपनीने ते औषध स्वतः शोधले नव्हते. सुमारे १,१०० कोटी डॉलर मोजून ते शोधणारी कंपनीच विकत घेतली होती. अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे तपासली आणि डिसेंबर २०१५ मध्ये निष्कर्ष काढला, की जास्तीत जास्त महसूल हाच किंमत ठरवण्यामागचा हेतू होता. तेच औषध तयार करायला एका रुग्णामागे ६८ ते १३६ डॉलर पुरतील, असा संशोधकांचा अंदाज होता. माझी बहीण ज्या गोळीवर जगली त्या इमॅटिनिबची अमेरिकेतली किंमत २००१ मध्ये वर्षाला सुमारे ३०,००० डॉलर होती, २०१२ मध्ये ९२,००० झाली. संशोधन तेच, गोळी तीच, खर्च केव्हाच वसूल झालेला. या आजारावर काम करणाऱ्या शंभराहून अधिक तज्ज्ञ डॉक्टरांनी २०१३ मध्ये एकत्र येऊन या किमतींविरुद्ध लिहिले. कर्करोगाच्या ९९ औषधांचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला. संशोधनावर धरलेल्या दर डॉलरमागे विक्रीतून आलेल्या उत्पन्नाचा मध्यक साडेचौदा डॉलर निघाला.

हे आकडे आपल्याच संघटनेच्या कपाटात आहेत.

चौथी तक्रार गुपितांची. वाटाघाटीत मिळालेली सवलत कोणाला सांगायची नाही, अशा करारांवर आपली सरकारे सह्या करतात. प्रत्येकाला वाटते, आपल्यालाच सर्वात स्वस्त मिळाले. दक्षिण आफ्रिकेत न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ मधील आदेशाने कोविड लसींचे करार उघड झाले, तेव्हा कळले की जॉन्सन अँड जॉन्सनच्या लसीला त्या देशाने मात्रेमागे १० डॉलर मोजले, तर युरोपीय संघाने साडेआठ. गरीब देशाने जास्त भरले, आणि ते आपल्याच नागरिकांपासून लपवून ठेवण्याचे वचनही दिले.

पेटंटवर पेटंट चढवत नेण्याच्या प्रकाराबद्दल एवढेच म्हणते: संधिवातावरच्या ॲडालिमुमॅबची इतर कंपन्यांनी केलेली पर्यायी औषधे युरोपात ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये. मधल्या चार वर्षांत विज्ञानात काही अडले नव्हते, वकिलीत अडले होते.

पाचवी तक्रार सर्वात कमी बोलली जाते आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. जास्त किमतीतून संशोधनाचा खर्च भरून काढण्याची ही रीत संशोधनालाही न्याय देत नाही. ॲकाओजेन नावाच्या लहान कंपनीने प्रतिरोधक जंतूंवरचे प्लाझोमायसिन विकसित केले. २०१८ मध्ये मान्यता मिळाली, एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कारण नवे प्रतिजैविक शहाणपणाने जपून, कमीत कमी वापरायचे असते, आणि विक्रीवर जगणाऱ्या कंपनीला ते शहाणपण परवडत नाही. उलट बाजूला आफ्रिकेतला निद्रारोग पाहा. त्याच्या शेवटच्या टप्प्यासाठी मेलार्सोप्रोल हे आर्सेनिकयुक्त इंजेक्शन वापरत, आणि ते घेणाऱ्या सुमारे ५ टक्के रुग्णांचा जीव ते औषधच घेई. फेक्सिनिडाझोल हे रेणू एका कंपनीने पूर्वीच तयार करून बाजूला टाकले होते. रुग्ण गरीब, बाजार शून्य. २००३ मध्ये स्थापन झालेल्या डीएनडीआय या ना-नफा संस्थेने ते शोधून काढले, सरकारे आणि देणगीदारांच्या पैशातून काँगोसारख्या देशांत चाचण्या केल्या, सनोफी या औषध कंपनीला बरोबर घेतले, आणि २०१८ मध्ये १० दिवस तोंडाने घ्यायच्या गोळ्यांना युरोपीय नियामकाचा अनुकूल अभिप्राय मिळाला. संशोधनाचा खर्च आधीच भागवलेला होता, म्हणून तो रुग्णाकडून वसूल करण्याची वेळच आली नाही.

म्हणजे दुसरी वाट आहे, आणि आपल्यातले काही जण तिच्यावर चालूनही पाहत आहेत. ब्रिटनने २०२२ मध्ये दोन प्रतिजैविकांसाठी कंपन्यांना वर्षाला ठराविक रक्कम देण्याचा करार केला, प्रत्येकी कमाल १ कोटी पौंड, मग औषध कितीही कमी वापरले जावो. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये हेपॅटायटिस-सीच्या औषधांसाठी पाच वर्षांची सुमारे १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची एकठोक तरतूद केली. त्यामुळे जितके जास्त रुग्ण बरे होतील तितका दर रुग्णामागचा खर्च उतरत गेला. २०१९ चा ठराव नाकारणाऱ्या ब्रिटनलाच ही गोष्ट कळते, याचे मला वाईटही वाटते आणि आशाही वाटते.

लेनाकापाविरबद्दल लिहिल्याशिवाय मागण्यांकडे जाऊ शकत नाही. सहा महिन्यांतून एकदा टोचून एचआयव्हीपासून बचाव करणारे हे औषध आहे. २०२४ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ महिलांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. अमेरिकेतली जाहीर किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर. २०२७ पासून १२० देशांत त्याची जेनेरिक आवृत्ती वर्षाला सुमारे ४० डॉलरला मिळेल, अशी घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. फार आनंदाची बातमी आहे. पण त्या १२० देशांच्या यादीत ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू नाहीत, आणि दुसरी मोठी चाचणी ज्या देशांत झाली त्यांत हे चारही आहेत. तिथल्या माणसांनी टोचून घेतले, रक्त दिले. यादी करताना ते आठवले नाहीत. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात चाचणीनंतर सहभागींना उपचार मिळण्याची तरतूद आधीच करावी असे लिहिले आहे, आणि अनेक चाचण्यांच्या कागदपत्रांत त्या जाहीरनाम्याचा हवाला दिलेला असतो.

आता मागण्या.

नव्या औषधाला मान्यता देताना किंवा ते सरकारी यादीत घेताना, प्रत्येक चाचणीचा लेखापरीक्षित खर्च, फसलेल्या चाचण्यांसकट, आणि सरकार, विद्यापीठे, धर्मादाय संस्था व करसवलती यांतून मिळालेली रक्कम जाहीर करणे बंधनकारक करा. २०१९ च्या ठरावातली स्वखुशीची अट काढून टाका. कोणत्याही व्यापारी रेणूचे सूत्र मी मागत नाही, फक्त खर्च मागते.

सवलतीनंतर प्रत्यक्ष मोजलेली किंमत प्रसिद्ध करा. किमतीबद्दल मौन पाळण्याच्या कलमावर यापुढे सही करू नका. एकटा देश हे करू शकत नाही, असे आपण म्हणाल. म्हणूनच मी हे पत्र एका मंत्र्याला लिहिलेले नाही.

संशोधनाला सार्वजनिक पैसा देतानाच परवडणाऱ्या किमतीची आणि इतर उत्पादकांना परवाना देण्याची अट लेखी घाला. औषध तयार झाल्यावर विनवण्या करण्यात अर्थ नसतो.

ज्या देशात चाचणी झाली तो देश स्वस्त परवान्याच्या यादीबाहेर राहणार नाही, आणि ज्या रुग्णाला चाचणीत औषध लागू पडले त्याला गरज असेपर्यंत ते मिळेल, ही चाचणीच्या परवानगीची अट असावी. चाचण्या तपासणाऱ्या नैतिकता समित्यांनी ती पहिल्या पानावर मागावी.

प्रतिजैविके, क्षय आणि दुर्लक्षित आजार यांच्यासाठी आपण सर्वांनी मिळून निधी उभारावा. संशोधनाचा मोबदला त्यातून द्यावा आणि औषध उत्पादनखर्चाच्या आसपास विकावे. डीएनडीआयने हे लहान प्रमाणावर करून दाखवले आहे. कर्करोगाच्या औषधांसाठी हीच पद्धत कशी लागू करता येईल, यावर अभ्यासगट नेमा आणि त्यात रुग्णांना मतासह जागा द्या.

आणि जागतिक व्यापार संघटनेच्या नोव्हेंबर २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना इतरांना औषध बनवू देण्याचा परवाना, देण्याचा जो अधिकार मान्य केला आहे, तो वापरणाऱ्या देशावर दुसऱ्या देशाने व्यापारी दबाव आणू नये, असे आपल्या सभेत एकमेकांना लेखी द्या.

पुढच्या मे महिन्यातील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर २०१९ च्या ठरावाच्या अंमलबजावणीचा देशनिहाय अहवाल हा स्वतंत्र विषय घ्यावा. कोणत्या देशाने किती औषधांच्या प्रत्यक्ष किमती जाहीर केल्या आणि किती कंपन्यांकडून चाचण्यांचा खर्च मिळवला, एवढे दोन रकाने असले तरी पुरे. आपल्या देशाच्या रकान्यात काय लिहिले जाणार आहे, ते आपण सभेपूर्वी आपल्या नागरिकांना जाहीरपणे कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची बहीण